बहिणीची उष्णता

माझ्या धाकट्या बहिणीचं तोंड पहिल्यांदा आलं, त्या आठवड्यात मी चौथीच्या वर्गाला जीवनसत्त्वं शिकवत होतो. फळ्यावर 'अ'पासून 'क'पर्यंत गाडी आली होती आणि 'ड' दुसऱ्या दिवसावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तोही शिकवला, पोरांकडून तीनदा म्हणून घेतला. पुढची सात-आठ वर्षं दर साली शिकवला. मी वाईट मास्तर नव्हतो. पाठ पक्का करून घ्यायचो. फक्त तो शाळेतच ठेवून घरी यायचो, खडूच्या डब्याशेजारी.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या बाजूचं, वैनगंगेच्या अलीकडचं. शाळा नदीच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. बाबा गावच्या तलावात जाळं टाकायचे, पाणी उतरलं की नदीवर जायचे. माय ती मासोळी टोपल्यात घेऊन ब्रह्मपुरीच्या बाजारात बसायची. डी.एड. होऊन नोकरीला लागलेला मी म्हणजे आमच्या पाण्यातल्या खानदानातला पहिला कोरडा माणूस. त्याचा मला फार अभिमान होता. पावसाळ्यातही चपलेला चिखल लागू देत नसे.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दहावी झाल्यावर ती मायच्या हाताखाली आली. तलावाच्या पाळीवर ताडपत्री टाकून झिंगे वाळवणं हे तिचं काम. सकाळपासून उन्हात उकिडवी बसून ती झिंगे परतायची, कावळे हाकलायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उत्तरं द्यायची. बाजारात एका गिऱ्हाइकानं मरळ हातात धरून विचारलं, "ताजी हाये काय?" तर ही म्हणाली, "तिलेच विचारा, आताच बोलत होती." असं तोंड होतं तिचं. रंग मात्र पार उन्हाचा. आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचं ऊन काय असतं हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. मे महिन्यात आमच्याकडे माणूस भर दुपारी बाहेर निघाला तर लोक त्याच्या घरचा पत्ता विचारून ठेवतात.

मला नोकरी लागली तसा घराचा तोरा बदलला. मास्तरची बहीण मासोळीवाल्याच्या घरी कशी द्यायची, हा प्रश्न पहिल्यांदा मीच विचारला. नात्यातले एक लांबचे मामा सोयरिकी जुळवायचे. त्यांनी चंद्रपूरचं स्थळ आणलं. मुलगा एका कचेरीत लिपिक, घरी कूलर, नळ. मामांनी बहिणीला वरून खालून पाहिलं आणि मायला म्हणाले, "पोट्टी चांगलीच हाये बाई. पण रंग उन्हाचा हाये. एक वर्ष सावलीत ठेव तिले. मंग दाखवू."

कांदे ठेवतात, बी-बियाणं ठेवतात, तशी आमच्या घरानं मुलगी सावलीत ठेवली. पाळीवर जाणं बंद, बाजार बंद. नहाणीपर्यंत जायचं तरी डोक्यावर पदर. आतल्या खोलीच्या खिडकीतून दुपारी उन्हाची एक पट्टी यायची, ती तिच्या अंगावर पडू नये म्हणून मी स्वतः खिळे घेऊन पोत्याचा पडदा ठोकला. जीवनसत्त्वांच्या तक्त्यालाही मी इतके नेमके खिळे कधी ठोकले नव्हते.

तिनं एकदा विचारलं, "मासोळी उन्हात अन् मी सावलीत. मी काय कांदा आहो, भाऊ?"

मी म्हणालो, "कांद्याले तोंड नसते. तुले हाये, हाच घोर हाये."

माय हसली. बाबाही हसले. मला वाटलं, चांगलं बोललो. त्या काळात मी घरात जे काही बोलायचो ते मला चांगलंच वाटायचं.

सहा-सात महिन्यांत तिचा रंग खरंच निवळला. गावातल्या बाया येऊन पाहून गेल्या. आणि त्याच सुमाराला तिचं तोंड आलं. आधी खालच्या ओठाच्या आत एक पांढरा फोड, मग जिभेच्या काठाला दोन, मग गालाला. आमच्याकडे त्यांना छाले म्हणतात. आठ-दहा दिवस राहायचे, जायचे, आणि महिना होत नाही तोवर पुन्हा यायचे. त्या दिवसांत तिला पाणीही झोंबायचं. भाकर दुधात कुस्करून, डोळे मिटून, गिळायची. बोलताना जीभ दातांना लागू नये म्हणून 'स' आणि 'त' टाळायची. जी पोरगी गिऱ्हाइकाला गप्प करायची, ती मान हलवून कारभार करायला लागली.

आता, तोंड आलं की आमच्या भागात कोणी वैद्याकडे, डॉक्टरकडे कारण विचारायला जात नाही. कारण सगळ्यांना आधीच पाठ असतं: उष्णता. डोळे आले, उष्णता. घामोळं, उष्णता. परीक्षेत पोरगं नापास झालं तरी डोक्यात उष्णता चढली. या एका शब्दावर आमचे दोन्ही जिल्हे चालतात.

"सावलीत बसून हिले उष्णता कशी झाली?" असं बाबांनी एकदा विचारलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. न शिकलेल्या माणसानं तेवढा एक शहाणा प्रश्न विचारला. त्याला शिकलेल्या माणसानं उत्तर दिलं. मी म्हणालो, "बाबा, आधीची साचली हाये अंगात. इतकी वर्षं उन्हात बसली. ते आता बाहेर पडून राह्यली."

मास्तर बोलला म्हटल्यावर विषय संपला. उपाय सुरू झाले. पडदा दुहेरी केला. सकाळचं ऊन कोवळं असतं म्हणून आंगणात बसायची तिला मुभा होती, तीही काढली. मासोळी उष्ण म्हणून तिची मासोळी बंद, अंडी उष्ण म्हणून अंडी बंद. घरभर मासोळीचा वास, आणि ती एकटी ताटात मुगाचं वरण घेऊन बसलेली. सब्जा, तुरटीच्या गुळण्या, जाईचा पाला, कात आणि तूप. दवाखान्यातून जांभळं औषध आणलं. त्यानं जीभ, ओठ, दात सगळं जांभळं व्हायचं. मी तिला विचारायचो, "कोनाच्या झाडाची जांभळं चोरली वो?" तिला हसता यायचं नाही, ओठ ताणला की फाटायचा. म्हणून मी आणखी विनोद करायचो.

वर्ष भरलं. मामांनी निरोप पाठवला की चंद्रपूरची मंडळी येत आहेत. दिवस एप्रिलचे. आणि दोन दिवस आधी तिचं तोंड आलं, नेहमीपेक्षा जोरात.

या स्थळावर सगळं अडलं होतं. तिच्यासाठी तर होतंच. त्या खोलीतून बाहेर पडायचा तेवढाच एक दरवाजा आम्ही ठेवला होता. आदल्या दिवशी तिनं मला जपून, एकेक शब्द सोडत सांगितलं, "भाऊ, जमलं त बरं होईन. तिथी नळावर त जाऊ देतीन."

जीपमधून चौघं उतरले: मुलगा, त्याचे वडील, आपले मामा आणि मुलाची आत्या. आत्या जाडजूड, गोड बोलणारी, नजर मात्र तराजूसारखी. त्यांच्या घरात आधी एक सून आली होती, ती लग्नानंतर खर्रा खाणारी निघाली. ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात, आणि मग तो गालात धरून माणूस दिवसभर जगतो. बरीच वर्षं खाल्ला की तोंड आतून घट्ट होतं, उघडत नाही, तिखट सोसत नाही. त्या सुनेपासून आत्याबाईंनी नियम केला होता: मुलीचं शिक्षण नंतर, तोंड आधी.

सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, सगळे बसले. बहिणीनं पोहे दिले. आत्याबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या बशीतला घास तिच्यापुढे केला. पोह्यात मायनं नेहमीच्या हातानं मिरची घातली होती. बहिणीनं घास घेतला. तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

"काऊन बाई, तिखट नाई चालत?" आत्याबाईंनी विचारलं.

"उष्णता हाये जी तिले," माय म्हणाली.

"हाव, असन. पाहू बरं तोंड."

बहिणीनं मायकडे पाहिलं. मायनं बाबांकडे, बाबांनी जमिनीकडे. ऊन येऊ नये म्हणून आम्ही सपरीलाही बांबूचे तट्टे लावले होते, त्यामुळे भर सकाळी तिथं अंधार. आत्याबाई म्हणाल्या, "काहीच दिसून नाई राह्यलं. बॅटरी हाये का घरी?"

बॅटरी मी आणली. मला वाटलं, एकदाचं पाहू दे, शंका फिटेल. नवऱ्या मुलासमोर, त्याच्या बापासमोर, मी माझ्या बहिणीच्या तोंडात उजेड पाडला आणि आत्याबाईंनी बैल घेताना पाहतात तसे तिचे ओठ वर-खाली करून पाहिले. पांढरे छाले, भोवती लाल कडा. मग तीन बोटं उभी धरून तोंडात घातली. तीन बोटं मावली म्हणजे खर्रा खात नाही, असा त्यांचा हिशेब. बोटं मावली. ओठाचा फोड फुटून रक्त आलं, पण मावली. आत्याबाईंनी बोटं पदराला पुसली. "तोंड त खुलते बापा," त्या म्हणाल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता माझ्या तोंडाचं सांगतो. बॅटरी धरून उभा होतो तेव्हा माझ्या डाव्या गालात खर्रा होता. डी.एड.ला असताना लागलेली सवय. शाळेत मी व्यसनमुक्तीची प्रभातफेरी काढायचो, घोषणा मीच लिहायचो. बाबांना माहीत नव्हतं, मायला माहीत नव्हतं. घरात पन्नी ठेवायला एकच जागा अशी होती जिथं कोणाचा हात जात नसे: बहिणीच्या खोलीची खिडकी, पोत्याच्या पडद्यामागं.

आत्याबाई हात धुवायच्या निमित्तानं आत गेल्या. बाईमाणूस घर पाहणारच. परत आल्या त्या तळहातावर पन्नी घेऊन. अर्धी खाल्लेली, तोंडाला पीळ दिलेली, ताजी.

"खिडकीत होती," त्या म्हणाल्या. "या पोट्टीच्या खोलीत."

सगळ्यांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. ओठावर रक्ताचा ठिपका, आणि नजर अगदी साधी, बसची वाट पाहणाऱ्या माणसाची असते तशी. आता भाऊ बोलेल, एवढंच तिच्यात होतं.

मला बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर खर्रा दिसला असता. मी हातानं 'थांबा' अशी खूण केली, मागच्या दारानं विहिरीवर गेलो, थुंकलो, चूळ भरली, पुन्हा एकदा भरली, ओठ पुसले. तेवढ्या वेळात, खरं सांगतो, मी खरं सांगायचंच ठरवलं होतं. परत सपरीत आलो. बाबा मान खाली घालून बसले होते. त्यांना मास्तर झालेल्या पोराचा आधार होता, तो मला त्यांच्या पाठीवरून दिसला. मग मी जे बोललो ते असं:

"लहान हाये जी. संगतीनं लागली असन. आम्ही समजावतो. लग्नापर्यंत सवय सुटून जाईन."

मला वाटलं होतं, यात सगळेच वाचतात. मीही, तीही. मी तेव्हा स्वतःला हुशार समजत होतो.

आत्याबाई उठल्या. "मास्तर, तुम्ही खरं बोलले हे चांगलं केलं," त्या मला म्हणाल्या. जीप गेली. पोहे तसेच राहिले.

मायनं बहिणीच्या तोंडावर मारलं. त्याच आलेल्या तोंडावर. बाबा तिच्याशी बोलेनासे झाले ते जवळजवळ वर्षभर. मी दिवसचे दिवस वाट पाहत होतो की ती माझं नाव घेईल. तिनं घेतलं नाही. का घेतलं नाही, याचं उत्तर मी स्वतःला देऊन टाकलं: तोंड आलंय तिचं, बोलवत नसेल.

आमच्या समाजात गोष्ट पसरायला पोस्टाची गरज नसते. मार्कंड्याच्या जत्रेत अमकी तमकीला भेटते आणि नदीच्या दोन्ही काठांना कळतं. पुढच्या महाशिवरात्रीला आमची माय जत्रेत गेली तेव्हा तिला लोकांनी विचारलं, "पोट्टी सुटली का खर्ऱ्यातून?" माय अर्ध्या वाटेतून परत आली. नंतर दोन-तीन स्थळं आली, पन्नीची गोष्ट ऐकून गेली. मग येणंच थांबलं. माझं लग्न मात्र पुढच्याच वर्षी थाटात झालं. माझ्या तोंडात कोणी बॅटरी मारली नाही. सासऱ्यांनी पगार विचारला आणि नारळ देऊन सोयरीक पक्की केली.

सावलीत ठेवायचं कारण संपलं तरी सावली काही संपली नाही. उष्णता होती ना. महिना-दीड महिन्याला तोंड यायचंच, आणि आलं की कोणीतरी म्हणायचं, उन्हात गेली असशील. तिनं शिलाईची मशीन घेतली आणि त्या पोत्याच्या पडद्यामागं बल्ब लावून ब्लाऊज शिवत बसली. बाहेर जिवंत माणसं उन्हानं पडत होती आणि आत ती पालीच्या पोटासारखी पांढरी होत गेली. शेजारच्या बाया म्हणायच्या, "आता किती गोरी झाली पोट्टी. पण काय उपयोग."

चार-पाच वर्षांनी तिचे पाय दुखायला लागले, मग कंबर. खाली बसली की भिंत धरून उठायची. आम्ही त्याला आळस म्हणायचो. मी पोरांसमोर, तिच्या भाच्यांसमोर, तिची नक्कल करायचो: कंबरेवर हात, वाकलेले गुडघे, आणि तोंड बंद. नक्कल छान जमायची. पोरं हसायची. बाबा वारले तेव्हा तिच्याशी बोलत होते, पण गोष्ट तशीच मनात घेऊन गेले.

सावलीचं आठवं वर्ष असेल. एक दिवस ती मशीनवरून उठली आणि तशीच खाली बसली. पायांनी ऐकलंच नाही. मग मी तिला बसनं चंद्रपूरला नेलं. त्या वेळी तोंडही आलेलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, बाहेरच्या भागातली, पण आमची भाषा शिकलेली. तिनं आधी पाय पाहिले, हाडं दाबून पाहिली. मग तोंड. बॅटरी तिची स्वतःची होती.

"हे किती दिवसांपासून?"

"आठ वर्षं," बहीण म्हणाली.

"तंबाखू, खर्रा?"

"नाई," बहीण म्हणाली.

मला खोकला आला.

डॉक्टरनं तिच्या गालाच्या आत बोट फिरवलं. "नाही खात ही. खाणाऱ्याचं तोंड असं मऊ राहत नाही." मग माझ्याकडे वळली. "ही उन्हात जाते का?"

आणि मी, चौथीच्या वर्गाचा शिक्षक, छाती काढून म्हणालो, "नाही डॉक्टर. आठ वर्षांत एक दिवस जाऊ दिलं नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. "काऊन?"

"उष्णता आहे तिला."

तिनं पेन पुन्हा उचललं. "मासे, अंडी?"

"तेही सगळं बंद केलं आहे," मी म्हणालो. वर्गात हुशार पोरगं एका उत्तराला थांबत नाही, तसा.

रक्त तपासायला नागपूरला गेलं. आठवड्याभरानं आम्ही कागद आणायला पुन्हा चंद्रपूरला गेलो. कागदावर एका ओळीत सात असा आकडा होता आणि शेजारी छापलेलं होतं की तो निदान तिसाच्या वर हवा. डॉक्टरनं सातभोवती गोल काढला. रक्तातलं आणखी एक जीवनसत्त्वही जरा कमी होतं, त्याच्या गोळ्या लिहिल्या, पण गोल सातलाच.

"व्हिटॅमिन डी," ती म्हणाली. "चंद्रपूर जिल्ह्यात राहून सात. दगड वितळतील असं ऊन आहे बाहेर."

"डी म्हणजे..." मी म्हणालो, आणि माझ्या तोंडून आपोआप पुढचं निघालं. जसं पोरांकडून म्हणून घ्यायचो तसं, चालीत: "सूर्यप्रकाशापासून मिळते ते जीवनसत्त्व ड. त्याच्या अभावी हाडे ठिसूळ होतात."

डॉक्टरला वाटलं मी मस्करी करतो आहे. बहिणीला माहीत होतं की करत नाही. तिच्या त्या अंधाऱ्या खोलीत बसून मी कितीदा तरी हाच पाठ तपासला होता. रिकाम्या जागा भरा. पोरांचे पेपर तिथं तपासायचो, कारण ती खोली थंड असायची.

मी विचारलं, "मग तोंड त्याच्यामुळेच यायचं?"

"तसं ठाम सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाली. "तोंड येण्याची ढीगभर कारणं असतात. ज्यांना सारखं येतं त्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी असल्याचं दिसतं, बऱ्याचदा. भरून काढू, मग पाहू. पायांचं मात्र नक्की ह्यामुळेच." तिनं आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला लिहिली, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ऊन. मासे. अंडी. कागद माझ्या हातात देताना तिनं माझ्या दातांकडे पाहिलं. "मास्तर, खर्रा तुम्ही खाता. किती वर्षं?"

बहीण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

"कधीमधी," मी म्हणालो.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी सवयीनं म्हणालो, "ऊन लागन, इकडे सरक." तिनं काच आणखी मागं ढकलली. मूलचा थांबा गेला, सिंदेवाहीचा गेला. माझ्या मनात वाक्य जुळत होतं आणि मोडत होतं. शेवटी मी म्हणालो, "ते पन्नी..."

"तुही होती," ती म्हणाली. "खिडकीत ठेवतानी रोज दिसत होता तू. आंधळी नव्हती मी. अंधारात होती."

"मंग तू सांगितलं काऊन नाई?"

"तू सांगशीन, असं वाटलं. आधी दोन दिवस वाटलं. मंग दोन महिने. मंग ब्लाऊज शिवाले लागली."

घरी आल्यावर तिनं खिडकीचा पडदा फाडून काढला. माझे खिळे निघाले नाहीत, पोतं फाटलं आणि खिळ्यांना त्याच्या दशा लोंबत राहिल्या. अजून आहेत. आंगणात खाट टाकून ती पदर बाजूला करून उन्हात बसली तेव्हा माय घाबरून बाहेर आली. "अवो, काळी होशीन."

"होऊ दे," ती म्हणाली. "काळी होती तवा पाय चालत होते."

चार-सहा महिन्यांत ती भिंत न धरता उठायला लागली. तोंड यायचं थांबलं असं नाही, पण महिन्याला येणारं चार-पाच महिन्यांनी यायला लागलं, आणि आलं तरी एखादा फोड. तोवर मायचे गुडघे गेले होते. बहिणीनं टोपलं उचललं आणि ब्रह्मपुरीच्या बाजारात मायच्या जागी बसली. पस्तिशीला येईपर्यंत ती पुन्हा पूर्वीसारखी काळी झाली. तोंडही परत आलं, म्हणजे दुसऱ्या अर्थानं. बाजारात मला पाहून ती दुरून हाक मारायची, "मास्तर, ताजी हाये, घेऊन जा," आणि मी, कोरडा माणूस, चपला जपत समोरून निघून जायचो.

मायला मी अजून काही सांगितलं नव्हतं. सांगणारच होतो. तिचं वय झालं होतं, तिला त्रास कशाला, असं कारण मी तयार ठेवलं होतं. बहिणीनं आग्रह धरला नाही. मी आता वेगळं बिऱ्हाड केलं होतं; तिनं फक्त एका रविवारी मला तिकडे जेवायला बोलावलं.

माय भिंतीला टेकून बसली होती. बहिणीनं मरळीचा रस्सा केला होता, तिखटाचा तवंग ताटाच्या काठापर्यंत. मी भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला.

आतून पेटलं. गेली काही वर्षं मला साधं वरणही झोंबायचं, पण ते मी घरी कोणाला कळू दिलं नव्हतं. जांभई देताना तोंड पूर्वीसारखं उघडत नव्हतं, तेही आरशाशिवाय कोणाला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाण्याचा पेला उचलला तर पाणीही झोंबलं.

बहीण समोर उकिडवी बसून पाहत होती. घाई नव्हती तिला.

"काऊन भाऊ," ती म्हणाली, "तिखट नाई चालत?"

मायनं मान वर केली. ते वाक्य तिनंही ओळखलं होतं, किंवा मला तसं वाटलं. खोलीत आता भरपूर उजेड होता. बॅटरीची गरज नव्हती. एवढ्या वर्षांनी पुन्हा एकदा मला फक्त तोंड उघडायचं होतं.

"उष्णता झाली थोडी," मी म्हणालो.

माय हळहळली. "सब्जा पी बापा. शाळेत लय उन्हातून जाणं-येणं हाये तुहं."

बहिणीनं माझ्या ताटात रश्श्याचा आणखी एक पळा टाकला.

"मंग सावलीत बस, भाऊ," ती म्हणाली. "आठ वर्षं बस."